प्रत्ययांची वही

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी पांघरुणात पडल्यापडल्या तोफ ऐकू आली. आजची नव्हे, सत्तर वर्षांपूर्वीची. देवळालीच्या मैदानावर तोफखान्याचा सराव चालायचा आणि आमची चौथीची शाळा तिथून तीन मैलांवर. आम्ही चाळीस पोरं चालीवर कविता म्हणत असायचो. मध्येच धडाम व्हायचं, कौलं थरथरायची, वरून माती गळायची आणि आमची ओळ तुटायची. गुरुजी छडी टेबलावर ठेवून शांतपणे म्हणायचे, "तुटली. पहिल्यापासून." एखाद्या सकाळी तोफा फार उडाल्या तर कवितेचा शेवट गाठताच यायचा नाही. पण त्या कविता अजून पाठ आहेत. पुढे मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि तीच रीत ठेवली. अडलं की पहिल्यापासून.

हे आठवलं ते तेजलमुळे. माझी नात, प्रफुल्लची मुलगी, सव्वीस वर्षांची, नाशिकच्याच एका इस्पितळात नर्स. तिला जर्मनीत नोकरी मिळते आहे, पण आधी त्यांच्या भाषेची परीक्षा हवी. वाचणं, ऐकणं, लिहिणं हे तीन भाग सुटले. बोलण्याच्या भागात दोनदा नापास, दोन्ही वेळा थोडक्या गुणांनी. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा आहे. त्यानंतर मुलींची तुकडी निघणार, हिच्यासकट किंवा हिच्याशिवाय.

रात्रीच्या जेवणाला प्रफुल्ल म्हणाला, "या खेपेला नाही झालं तर मी देवळ्याच्या लोकांना या म्हणून कळवतो. दोन वर्षं थांबलेत ते." देवळा गावचं हे स्थळ, मुलगा रोहित, हायस्कुलात लिपिक आहे. तेजल ताटात बघत म्हणाली, "मला नाही करायचं लग्न, पप्पा." प्रफुल्ल म्हणाला, "मग पास हो."

मी म्हणालो, "तयारी मी करून घेतो."

सूनबाई अंजली वाढता वाढता थांबली. "आबा, तुम्हाला जर्मन कुठं येतं?"

"पाठांतर येतं ना."

सगळे हसले. तेजलही हसली. खूप दिवसांनी.

१२ जानेवारी, रविवार

देवळाली कॅम्पात काळूच्या रद्दीच्या दुकानात गेलो. बदलीवर जाणारे लष्करी साहेब पुस्तकं टाकून जातात, त्यात मला छोटे छोटे शब्दकोश सापडले. एक जर्मन, एक फ्रेंच, एक इटालियन, एक स्पॅनिश. काळू म्हणाला, "गुरुजी, एवढ्या देशांत जाताय होय? मला चपला आणा." चारही घेतले.

तेजलने पहिली गंमत सांगितली. जर्मनमध्ये शब्दामागे 'शेन' लावलं की ती वस्तू लहान होते, लाडकी होते. 'ब्रोट' म्हणजे पाव, 'ब्रोट्शेन' म्हणजे वाटोळा गोजिरवाणा छोटा पाव. पण एकदा 'शेन' लागलं की शब्द नपुंसकलिंगी. मुलगीसुद्धा. 'मेड्शेन', नपुंसकलिंगी.

"म्हणजे लाड केले की मुलगीपण जातं," तेजल म्हणाली.

"आपल्याकडे पोरगं, लेकरू म्हणतोच की."

"तेच म्हणतेय मी."

काय म्हणतेय ते मला नीट कळलं नाही. पण विषय मोठा सुंदर आहे. एक नवी दोनशेपानी वही काढली आणि वर लिहिलं : प्रत्यय. ही वही मी तेजलला देणार.

१९ जानेवारी, रविवार

आज जे सापडलं त्याने दुपारची झोप उडाली. फ्रेंच आणि इटालियन या एकाच लॅटिनच्या लेकी. दोघींकडे शब्दामागे लावायचा एक प्रत्यय आहे, 'ओन'. फ्रेंच तो नाकात म्हणते, इटालियन तोंड भरून 'ओने' म्हणते. मूळ एकच. पण फ्रेंचमध्ये तो लावला की वस्तू लहान होते : 'शा' म्हणजे मांजर, 'शातों' म्हणजे मांजराचं पिल्लू. इटालियनमध्ये तोच लावला की मोठी होते : 'लिब्रो' म्हणजे पुस्तक, 'लिब्रोने' म्हणजे जाडजूड ग्रंथ. आणि स्पॅनिशचं तर काय सांगावं. तिथे तो बहुतेक मोठंच करतो, पण कधीकधी मूळ वस्तूच नाहीशी करतो. 'पेलो' म्हणजे केस, आणि 'पेलोन' म्हणजे ज्याच्या डोक्यावर केस नाहीत असा.

तेजल ड्यूटीवरून आल्याबरोबर सांगितलं. ती सँडल काढत म्हणाली, "आबा, मला फ्रेंच नाही, जर्मन बोलायचंय. बोलायचंय."

तिला एक गोष्ट सांगायची राहिली. गावात मला सगळे कोंड्या म्हणायचे. पाटलाचं सात वर्षांचं पोर माझ्या बापालाही पुंज्या म्हणायचं. बाप पन्नाशीचा. शाळेत पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली आणि म्हणाले, "कोंडाजी." मी मागे वळून पाहिलं, दुसरा कोणी आहे का म्हणून. शब्दाच्या मागे काय लावतात यावर माणूस केवढा होतो हे मला कुणी शिकवायला नको.

२८ जानेवारी, मंगळवार

तयारी जोरात आहे. परीक्षेत विषय देतात आणि तीन-चार मिनिटं त्यावर बोलायला सांगतात. मी बारा विषय काढले : माझं कुटुंब, वाहतूक, प्रदूषण, आवडता सण वगैरे. तेजलने जर्मनमध्ये लिहिले, मी त्यांना चाल लावली. भुजंगप्रयातात जर्मन इतकं डौलात बसेल असं वाटलं नव्हतं. सकाळी ती ड्यूटीला जाण्याआधी पाऊण तास, संध्याकाळी दीड तास. बायको, लताबाई, गेल्यापासून या घरात संध्याकाळ कशी जायची ते माझं मला माहीत. आता सहा वाजायची वाट बघतो.

आज 'वाहतूक' म्हणताना मध्येच थांबली.

"आबा, वर्गाच्या मॅडम सांगतात पाठ करू नका. तिथं ते मध्येच प्रश्न विचारतात."

"विचारू देत. पक्कं असलं की भीती कसली? कुठे होतीस?"

"तिसऱ्या वाक्यावर."

"अडलीस. पहिल्यापासून."

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पहिल्यापासून म्हटलं. चार वर्षांची असल्यापासून तिला ठाऊक आहे. लहानपणी तर स्वतःच म्हणायची, आबा तुटली, आणि पुन्हा सुरू करायची.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाराही विषय पाठ. एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. तेजलचा घसा बसलाय. अंजली म्हणाली, "आबा, आज राहू द्या, पोरीला ताप आहे." मी म्हटलं, पडून म्हण, डोळे मिटून. म्हटलं तिने.

प्रत्ययांच्या वहीची एकशे दहा पानं झाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तेजल पहाटेच्या गाडीने पुण्याला परीक्षेला. बरोबर तिच्या वर्गातली स्नेहल. दोघी जोडीने बसणार आहेत. तिच्या पिशवीत मी प्रत्ययांची वही ठेवली होती. निघताना तिने ती काढून पलंगावर ठेवली, म्हणाली, जड होतं.

संध्याकाळी परत आली. कसं गेलं विचारलं. "गेलं," म्हणाली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नापास.

 तेजल आत जाऊन पडली. प्रफुल्लने गॅलरीत जाऊन देवळ्याला फोन केला. ऐकू येत होतं : "हो हो, येत्या नऊ तारखेला या, रविवार आहे."

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण या रोजनिशीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहितो, आज मला सपाटून भूक लागली. अंजलीने वांग्याचं भरीत केलं होतं. दोन भाकरी खाल्ल्या आणि अर्धी मागून घेतली. झोपही लागली दुपारी. या वयात असं होतं बहुतेक.

२ मार्च, रविवार

स्नेहल आली. ती पास झाली. पेढे घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "जयभीम आबा. तेजल आहे?" तेजल ड्यूटीवर होती. बस म्हटलं. बसली, पण पेढ्याचा पुडा उघडेना.

"स्नेहल, तू शेजारीच होतीस. काय झालं तिथं?"

"तिनं सांगितलं नाही?"

"नाही."

"मग राहू द्या ना, आबा."

मी राहू दिलं नाही. शेवटी तिने सांगितलं. तेजलला वाहतुकीचा विषय आला. तिने सुंदर सुरुवात केली. परीक्षक बाई हसल्याही, म्हणे चाल ऐकून. चौथ्या वाक्यावर त्यांनी विचारलं, तू रोज कामावर कशी जातेस? साधा प्रश्न. तेजल थांबली. त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. त्यांनी थांबवून पुन्हा तेच विचारलं, हळूहळू, शब्द सुटे करून. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या वेळेला दुसरे परीक्षक म्हणाले, पाणी प्या. ती पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि पुन्हा पहिलं वाक्य म्हटलं.

"ती रिक्षाने जाते, आबा," स्नेहल म्हणाली. "तिला 'रिक्षा' एवढंच म्हणायचं होतं. वर्गात आम्ही दोघी तासन्‌तास गप्पा मारायचो जर्मनमध्ये. डिसेंबरात ती माझ्यापेक्षा चांगलं बोलायची."

डिसेंबरात.

स्नेहल गेली. पेढे तसेच आहेत.

४ मार्च, मंगळवार

प्रफुल्लला सांगायला हवं, की चूक पोरीची नाही, माझी आहे, तिला अजून एक संधी दे. मे महिन्यात पुन्हा परीक्षा असते, पुढची तुकडीही असेल. सकाळी तो दाढी करत होता तेव्हा सांगणार होतो. तोंडाला फेस होता म्हणून थांबलो. संध्याकाळी तोच माझ्याकडे आला.

"आबा, हिच्या डोक्यात काहीतरी चाललंय. पासपोर्ट, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, मार्कशिटा सगळं मी कपाटात ठेवलंय. चावी तुमच्याकडे. तुम्ही दिवसभर घरी असता. कुणालाही द्यायची नाही. तिला तर नाहीच."

"बरं," म्हणालो.

घरातली एक जबाबदारी बऱ्याच वर्षांनी माझ्यावर आली. चावी जानव्यासारखी दोऱ्यात अडकवून गळ्यात घातली आणि लगेच वाटलं, ही उपमा आपल्या घरात नको होती. दोरा तसाच राहिला.

परीक्षेबद्दल बोलायचं राहून गेलं.

९ मार्च, रविवार

देवळ्याची मंडळी अकराला आली. रोहित, त्याचे वडील, आई कुसाबाई आणि एक मामा. माणसं वाईट नाहीत. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. कुसाबाई बोलक्या. "पोरगी जर्मन शिकली म्हणं. आमच्याकडं कांद्याशिवाय दुसरं कोणी परदेशी जात नाय. बोल की बाई दोन शब्द, ऐकू तरी."

तेजलने माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली.

मग तिने वाहतूक म्हणायला सुरुवात केली. हात मांडीवर, मान सरळ, शाळेत उभं राहून म्हणावं तशी. भुजंगप्रयात. एकही चूक नाही. कोणी मध्ये बोललं नाही. पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत, चार मिनिटं. शेवटचा शब्द संपल्यावर मामाने टाळ्या वाजवल्या. कुसाबाई म्हणाल्या, "काय गोड आवाज आहे. काय सांगितलं गं यात?"

"रस्त्यावर गर्दी असते," तेजल म्हणाली.

पसंती कळवून गेले. साखरपुडा एप्रिलच्या तेरा तारखेला.

१८ मार्च, मंगळवार

तेजल काल सकाळी ड्यूटीला म्हणून गेली ती आली नाही. इस्पितळात विचारलं तर म्हणाले, तिने आठवड्यापूर्वीच नोकरी सोडली. रात्री आईला एवढाच निरोप पाठवला : ठीक आहे, शोधू नका. मग फोन बंद.

प्रफुल्ल दिवसभर मोटारसायकलवर फिरला. स्नेहलकडे गेला, वर्गाच्या मॅडमकडे गेला. येऊन जिन्यावरच बसला. अंजली रडत नाही, भांडी घासते आहे. घासलेली पुन्हा घासते.

तिच्या खोलीत पाहिलं. कपडे थोडे नेले आहेत, जर्मनचं पुस्तक नेलं आहे. माझी वही टेबलावर आहे, टेबलाच्या कडेला कड लावून, वर पेन. घाईत विसरली असेल. नाहीतर जागा झाली नसेल, दोनशेपानी आहे.

२६ मार्च, बुधवार

प्रफुल्लला सांगितलं. सगळं : मॅडम पाठ करू नका म्हणत होत्या, मी करून घेतलं, ताप असताना करून घेतलं. स्नेहलने सांगितलेलं सांगितलं.

त्याने हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाला, "आबा, मी सातवीत होतो. स्नेहसंमेलनात कविता म्हणताना विसरलो. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. मी स्टेजवर, आणि तुम्ही खालून सगळ्यांसमोर म्हणालात, पहिल्यापासून. मी तीनदा केलं पहिल्यापासून. पोरं हसत होती. तुम्हाला आठवतं?"

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. त्या संमेलनाचा पडदा आठवतो, निळा होता.

"हे आधी का नाही बोललास?"

"कुणाला बोलू?" तो म्हणाला आणि आत गेला. मे महिन्याच्या परीक्षेचं विचारलं तर आतूनच म्हणाला, "ती सापडू दे. तेरा तारखेला साखरपुडा आहे, मी शब्द दिलाय. कागद कपाटातून हलणार नाहीत."

दुपारी प्रत्ययांची वही उघडली. आता त्यात लिहिण्यासारखं काही सुचत नाही. एका पानावर मीच लिहिलंय : एकच प्रत्यय, एका घरी लहान करतो, दुसऱ्या घरी मोठं करतो, तिसऱ्या घरी वस्तूच नाहीशी करतो. हे लिहिताना मी किती खुशीत होतो ते अक्षरावरून दिसतं. गुरुजींनी मला जे लावलं त्याने मी मोठा झालो. तेच मी उचलून पुढच्यांना लावत राहिलो, आणि मला वाटत राहिलं की सगळीकडे त्याचा अर्थ एकच असतो.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी साडेतीनला बेल वाजली. अंजली शाळेत पोषण आहाराच्या कामावर, प्रफुल्ल कचेरीत. वाटलं, गॅसवाला. दार उघडलं तर एक साठीची बाई, नऊवारी, पायांत प्लास्टिकच्या चपला, हातात पिशवी. कधी पाहिलेली नाही.

"कोंडाजी गुरुजी तुम्हीच का?"

"हो. आपण?"

"मी लंकाबाई. हरसूलहून आले. तिथं दवाखान्यात आया हाय मी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तेजल शिष्टरनं धाडलंय."

तिला लगेच आत घेतलं, पाणी दिलं. देताना अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. ती म्हणाली, "ऊन लय हाय, वाळंल."

तेजल हरसूलला एका खाजगी दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी ओळखीवर ठेवून घेतलं, पण आता नोंदणीचे मूळ कागद पाहिजेत. उद्या सकाळपर्यंत दाखवले नाहीत तर जागा दुसरीला देणार. लंकाबाई सुनेच्या बाळंतपणासाठी नाशिकला आली होती, साडेपाचच्या गाडीने परत निघाली आहे.

"कशी आहे ती?"

"बरी हाय. वाळलीय जरा. कामाला चोख. पेशंटसंगं त्या तिकडच्या भाषेत बोलती. आमाला काय कळत नाय, पोरं हसत्यात. ती बी हसती, चुकली म्हणती आणि बोलतच राहती."

"माझ्यासाठी काही निरोप?"

लंकाबाईने पदराने तोंड पुसलं. सांगावं की नाही असा विचार करत असावी.

"म्हणाली, घरात आबा असतील एकटे. चावी त्यांच्या गळ्यात हाय. ते देणार नायत. पण मागून बघ."

"एवढंच?"

"एवढंच. आणि पत्ता सांगू नको म्हणाली होती, तर तो मी सांगून बसले. आता तुम्ही कुणाला सांगू नका म्हंजे झालं."

कागद दिले की ती हरसूलला राहील, मेमध्ये परीक्षेला बसेल, पासपोर्ट हातात असला की पुढे जाईल. तेरा तारखेला देवळ्याची मंडळी येतील आणि प्रफुल्ल त्यांना काय तोंड दाखवेल ते मला पाहावं लागेल. प्रफुल्ल मला विचारेल. पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही ठाऊक नाही. आणि तेजल या घरात संध्याकाळी सहाला परत कधी येणार नाही. नाही दिले तर ती येईल. आठ दिवसांत येईल, दुसरं कुठे जाणार. माझ्यासमोर बसेल.

हे 'नाही दिले तर' लिहिताना मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

लंकाबाई स्वयंपाकघरात बसून चहा पिते आहे. भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा पाहून झालं तिचं. चार वाजून दहा मिनिटं. प्रफुल्ल सहाला येतो. मी तिला म्हणालो, कागद शोधतो, दोन मिनिटं. शोधायचं काही नाही, वरच्या खणात डावीकडे आहेत, निळ्या फाइलमध्ये. ती दोन मिनिटं मी इथे लिहिण्यात घालवली.

आतून लंकाबाई विचारते आहे, "गुरुजी, घावलं का?"

घावलं म्हणून सांगितलं. आता उठलंच पाहिजे. चावीचा दोरा डोक्यावरून निघत नाही, कात्रीने कापतो.